बिघाडाची चिठ्ठी

माझी आत्या कारखान्याच्या फाटकासमोर घड्याळं दुरुस्त करायची. कुणाच्या बापाला भ्यायची नाही. सापडलेला बिघाड चिठ्ठीवर लिहून, ती चिकटवूनच घड्याळ परत द्यायची.

एकदा सुपरवायझर फाटकावरचं घड्याळ घेऊन आला. रोज सकाळी ते सात मिनिटं पुढे असायचं, कामगारांना लेटमार्क बसायचा. संध्याकाळी सुटताना मात्र बरोबर. ओरड वाढली, म्हणून तो आला होता. म्हणाला, "क्वार्ट्झ खराब झालंय, एवढं लिहून द्या."

आत्याने दोन दिवस ते समोर ठेवलं. सेकंदाचाही फरक पडला नाही. सुपरवायझर घड्याळ न्यायला आला, तेव्हा ती म्हणाली,

"साहेब, आतला क्वार्ट्झचा खडा सेकंदाला बत्तीस हजार सातशे अडुसष्ट वेळा थरथरतो. सर्किट तेवढं मोजतं, तेव्हा कुठे काटा सरकतो. सकाळी पळून संध्याकाळी गुमान जागेवर येणारा खडा अजून जन्माला यायचाय!"

"दुकान आमच्या फाटकासमोर आहे, विसरू नका."

"म्हणूनच सगळं दिसतं."

शिफ्ट सुटायच्या ऐन वेळी आत्या स्टुलावर चढली आणि घड्याळ स्वतः फाटकावर टांगलं. काचेवर चिठ्ठी होती: "घड्याळ ठणठणीत. काटे फिरवणारं बोट तपासा."