धोट्याला तोंड

दुपारचं जेवण अंगावर आलंय. डोळे मिटत चाललेत आणि हातात लाकडी धोटा आहे. विणताना आडवं सूत घेऊन साच्यात, म्हणजे गिरणीतल्या मागात, इकडून तिकडे पळतो तो. उद्या आमच्या कॉलेजात जुन्या यंत्रांचं प्रदर्शन, तिथं हा धोटा ठेवायचाय. उद्घाटनाचं भाषण माझंच. 'यंत्रानं कुणाची जात विचारली नाही,' असं एक वाक्य त्यात घातलंय. व्यासपीठावर शोभतं.

"यंत्रानं न्हाई इचारली. कामावर घेनाऱ्या जॉबरनं इचारली," बा म्हणतो.

बा जाऊन कितीतरी वर्षं झाली. पण माझ्या खाटेच्या कडेला बसलाय, मिशीत कापूस अडकलेला. खाट कुठली, साचेखात्यातलं बाकडं आहे ते. माझ्या स्वयंपाकघरात साच्यांच्या रांगा धडधडतायत, आणि ओट्यापलीकडे भिंतच नाही.

गिरणीत बाचा जन्म सूत कातण्यात गेला. विणायला त्याला कधी घेतलंच नाही. धोट्यातली सुताची कांडी बदलली की धोट्याच्या भोकाला तोंड लावून सूत ओढून घ्यावं लागे. आम्ही महार, आमच्या उष्ट्या धोट्याला बाकीचे तोंड लावायला तयार नव्हते. एवढा मोठा शोध, जगभर कापड स्वस्त केलं त्यानं, आणि आमच्या थुंकीपाशी येऊन अडला.

"आता लाव की तोंड," मी धोटा पुढं करते.

बा घेतो, ओठांपर्यंत नेतो. मग मान वळवून मागं बघतो.

"स्वप्नात तरी कुणाला भितोस, बा?"

"सवय गं, शेवंते."

मला असा राग येतो! धोटा हिसकावून मीच तोंड लावते, जोरात ओढते. तेलकट, धुळकट चव येते आणि मागोमाग सूत.

"घे. चालव साचा."

बा हसतो. लहान पोरासारखा हसतो. पण धोटा साच्यात घालण्याआधी सदऱ्याच्या बाहीनं भोक पुसायला लागतो. अगदी निगुतीनं.

"हे काय?"

"पुढल्या पाळीला कुनी दुसरं यील, पोरी. त्याला किळस नगं."

मी ओरडते, आणि त्या ओरडण्यानंच जागी होते. खिडकीत ऊन आहे. खाली भाजीवाला हाक देतोय. धोटा उशीवर, माझ्या तोंडापाशी पडलाय आणि त्याचं भोक ओलं आहे.

माझा हात आपोआप पदराकडे जातो. पुसायला.

मी पदर सोडून देते. उद्या ते वाक्य म्हणणार नाही. धोटा मात्र टेबलावर असाच ठेवीन, आणि समोर बसलेल्यांना सांगीन, या, लावा तोंड.