दिगंबरमामांच्या हातचं कॉकटेल

मुखेडमध्ये ज्यांच्या हातचं कॉकटेल नावाजलेलं होतं, त्या माझ्या दिगंबरमामांनी जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता. गळ्यात तुळशीची माळ, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेलं, आणि उन्हाळ्यात दिवस मावळला की गच्चीवर पाणी शिंपडून हा माणूस दोस्तासाठी पेला भरायला बसायचा. चव फक्त नाकाने घ्यायची. "पिणाऱ्याला चव कळत न्हाई भाच्या, त्याला घाई असते," असं वर मलाच सुनावायचे.

सकाळीच कडक कोरा चहा उकळून ते भांडं ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायचे. संध्याकाळी त्यात लिंबू, काळं मीठ, भिजवलेला सब्जा, टॉवेलात बांधून बत्त्याने फोडलेला बर्फ आणि शेवटी बाटलीतलं. बाटली व्यंकटराव आणायचे. हे मामांचे लहानपणापासूनचे मित्र, मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, अडतीचं दुकान, आणि आवाज असा की गच्चीवर बोलले की बसस्टँडवर ऐकू यावं.

एका वर्षी नांदेडच्या डॉक्टरांनी व्यंकटरावांचं लिव्हर बघून बजावलं, आता थेंबभर घेतली तरी पुढचा उन्हाळा दिसणार नाही. व्यंकटराव तडक गच्चीवर आले. "थेंब कोण घेतंय? मी पेला घेतो. भर." मामांनी भरला. मला मामांचा असा राग आला की सकाळी पहिल्याच गाडीने मी परतलो.

महिनाभराने पुन्हा गेलो, तर मामा स्वयंपाकघरात बाटली रिकामी करताना दिसले. "मोरीत ओतून राहिलो," ते शांतपणे म्हणाले. "तिला चढत न्हाई." रोज थोडी थोडी कमी करत गणिताच्या मास्तरांनी दारू शून्यावर आणली होती. घशाला जाळ व्हावा म्हणून सुंठ-मिरी, कडवटपणाला काडेचिराईत, आणि वासासाठी पेल्याच्या काठावरून फिरवलेलं दारूत बुडवलेलं बोट. "जिंदगीभर खरं बोललो. त्याचा आता उपयोग करून राहिलो. माझ्यावर शक कोण घेईल?"

कुणीच घेतला नाही. दुसऱ्या पेल्याला व्यंकटरावांची जीभ जड व्हायची, मग सोसायटीच्या हरलेल्या निवडणुकीवरून डोळ्यांत पाणी. मामा हात धरून त्यांना जिना उतरवायचे. "जपून. लई झाली तुला." मी चिवड्याचा बकाणा भरून हसू दाबायचो. पुढच्या तपासण्या चांगल्या आल्या, तसे व्यंकटराव मोंढ्यात सांगत सुटले, "डॉक्टरला काय कळतं? रोज घेऊन राहिलो, तब्येत सुधरून राहिली."

अशी काही वर्षं गेली, आणि गेल्या चैत्रात मामाच गेले, धडधाकट असताना. दहावा झाला त्या संध्याकाळी व्यंकटराव एकटेच गच्चीवर बसलेले दिसले. समोर नवी बाटली. मी जिन्याच्या तोंडाशी थिजलो. खरं सांगावं तर मामा त्यांच्या लेखी खोटे ठरणार, आणि गप्प राहावं तर हे पिणार. त्यांनी पेला भरला. मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी घोट घेतला, आणि थुंकला.

"नकली हाय," ते म्हणाले, आणि पेल्यामागून बाटलीही कठड्यावरून खाली ओतून दिली. "दिगंबरच्या हातची ती चव ह्यात न्हाई. आता असलं पिण्यापरीस न पिलेलं बरं. खरा माल आता कुठंच मिळत न्हाई बघ."

"हाव काका," मी म्हणालो, "कुठंच मिळत न्हाई."