विषय: स्वर्गात प्रवेश मिळण्याबाबत

गेवराईच्या तहसील कचेरीसमोर लिंबाखाली माझं टेबल आहे. मी अर्जनवीस. लोकांचे अर्ज लिहून देणं हा माझा धंदा, आणि आता सगळं ऑनलाइन झालं तरी मोबाइलवर भरवसा नसलेली माणसं अजून माझ्याकडेच येतात. नवखा माणूस अर्जात रडगाणं गातो. मी कारणं लिहितो. कारणं ठणठणीत असली आणि सोबत कागद जोडलेले असले की साहेबाची काय बिशाद नाही म्हणायची, असा माझा तोरा होता.

हा तोरा मी घरातही आणला. पोरगी लिहायला शिकली तसा तिला नियम घालून दिला, काही हवं असेल तर अर्ज करायचा. विषय, कारणे, सही. बायको कपाळाला हात लावायची. पोरगी मात्र माझ्यापेक्षा पोहोचलेली. सहलीला जायचं असलं की 'मी रोज अंगण झाडते आणि शेजारच्या मुलीला आता चावत नाही' असं लिहून आणायची. मी खाली लाल शाईने 'मंजूर' लिहायचो आणि दिवसभर खूश असायचो.

आम्ही आजोबांपासून ख्रिस्ती. चर्च म्हणजे पत्र्याचा एक हॉल. रविवारी उपासनेला सगळ्यांत आधी मी पोहोचायचो. सतरंज्या अंथरायच्या, प्रभुभोजनाचे पेले धुवायचे, नाताळात पत्र्यावर चढून तारा बांधायचा, ही कामं मी कुणाला शिवू दिली नाहीत. तारण म्हणजे स्वर्गातला प्रवेश, तो देवाच्या कृपेने मिळतो, आपल्या कर्माने नव्हे, हे चर्चचे पाळकसाहेब उठता-बसता सांगायचे. मी मोठ्याने आमेन म्हणायचो. मनात मात्र वाटायचं, असेल बुवा, पण चार कारणं जोडलेली असली तर बिघडतं कुठे?

गेल्या वर्षी छातीत दुखायला लागलं. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी बायपास सांगितली आणि साखर जास्त असल्यामुळे धोका आहे, हेही सांगितलं. मी घाबरलो. मरणाला घाबरलो हे तर झालंच, पण ऑपरेशनच्या टेबलावरून उठलो नाही तर देवापुढे कोणत्या तोंडाने उभा राहू, ही भीती त्याहून मोठी होती. माझा त्याच्यावर विश्वास आहे का, हे मी साठ वर्षांत कधी तपासलंच नव्हतं. माझ्याकडे फक्त कारणं होती.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मंडळी घरी प्रार्थनेला जमली. पाळकसाहेब म्हणाले, "आज तुम्हीच प्रार्थना करा."

मी डोळे मिटले आणि सवयीने सुरुवात केली, "हे प्रभू, अर्जदार..." खरंच अर्जदार म्हणालो. मग सतरंज्या सांगितल्या, पेले सांगितले, तारा सांगितला, विधवा बायांचे फुकट लिहून दिलेले अर्ज सांगितले. दुसऱ्याच्या कागदातली खोट मला लांबून दिसते, आज सांगता सांगता स्वतःच्या कागदातली दिसायला लागली. सतरंजीवर चपला घालून आली म्हणून एका म्हातारीवर मी असा खेकसलो होतो की ती दोन महिने चर्चला फिरकली नव्हती. तारा मीच बांधायचो, कारण पत्र्यावर चढलेला माणूस सगळ्या गल्लीला दिसतो. आणि फुकट लिहिलेला एकेक अर्ज मी बाजारभर सांगून आलो होतो. असा अर्ज माझ्याच टेबलावर आला असता तर मीच परत पाठवला असता.

मी थांबलो. बायको हळूच म्हणाली, "अवो, निदान आमेन तरी म्हना."

मिटल्या डोळ्यांनी सगळे हसले. मला मात्र रडू आवरेना.

चहा चालू असताना पोरगी उठली. ऑपरेशनसाठी ती पुण्याहून आली होती. आईच्या कपाटातून तिने एक जुना डबा काढला आणि त्यातला एक कागद माझ्या हातात दिला. वाकडंतिकडं अक्षर. 'विषय: मला खांद्यावर घेण्याबाबत. कारणे: काही नाही. तुम्ही माझे पप्पा आहात.' खाली लाल शाईत माझा शेरा, 'कारणे अपूर्ण. फेटाळला.'

"लई कडक साहेब होते तुमी," बायको म्हणाली.

"फेटाळल्यावर काय केलं ते आठवतंय का?" पोरीने विचारलं. "मला खांद्यावर घेऊन पार कचेरीपर्यंत नेलं. रस्ताभर मी तुमचे कान धरले होते."

ते कान धरणं मला लख्ख आठवलं.

"मग अर्ज फेटाळला होता तर घेतलं कावून?" आता ती मुद्दाम माझ्या बोलीत विचारत होती.

"कावून म्हंजे?" मी वैतागलोच. "माझी पोरगी हायेस तू."

बोलून गेलो आणि कप हातातच राहिला. पाळकसाहेबांनी बशीतला चहा संपवला. "वीस वर्षं मी दुसरं काय सांगतोय?" असं म्हणून त्यांनी बिस्किट घेतलं.

ऑपरेशनच्या टेबलावरून मी उठलो हे उघडच आहे, नाहीतर हे कोण लिहितं? घरी आल्यावर त्या म्हातारीच्या दारी जाऊन माफी मागितली. सतरंज्या अजून अंथरतो, हात थांबत नाहीत. तारा मात्र आता दुसरे बांधतात आणि थोडा वाकडा बांधतात. पण सांगायची आहे ती ऑपरेशनची सकाळ.

नर्सने संमतीचा कागद पुढे केला. "काका, नीट वाचून सही करा."

"पोरीनं वाचलाय," मी म्हणालो आणि जन्मात पहिल्यांदा एक ओळही न वाचता सही केली. मग मला आत नेलं. भीती होती, नव्हती असं नाही. दिव्याखाली झोपवल्यावर मी डोळे मिटले आणि मनात म्हणालो, विषय तुला ठाऊक आहे. कारणे काही नाहीत. तू माझा बाप आहेस, मला खांद्यावर घे.