आई वळायला लागली की मशीन बंद पडायचं

या पेजवरचे भुताखेताचे अनुभव मी जेवणाच्या सुट्टीत वाचते, पण विश्वास कधी बसला नाही. कसा बसणार? मशीन बंद पडलं तर त्याला कारण असतंच, हे शिकूनच तर मी पोट भरते. लिहिण्यात चुका असतील तर सांभाळून घ्या, शाळा नववीतच सुटली...

माझं गाव लांब, हिंगोलीकडे. नाशिकला सीबीएस बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे, तिथे मी कामाला. मालकांना काका म्हणते. स्क्रू ड्रायव्हर धरण्यापासून सगळं त्यांनीच शिकवलं, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

नवीन पार्ट टाकला की मशीनवर व्हिडिओ चालवून बघायचा, हा काकांचा नियम. मी पेनड्राइव्हमधला आईचा लावते. आई गेल्या वर्षी गेली. मी गावी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं, तोंड बघायचं राहूनच गेलं... व्हिडिओ भावाने काढलेला. आई अंगणात पाठमोरी बसून सुपात तूर पाखडतेय. भाऊ म्हणतो, "आई, इकडं बघ की." ती न वळताच म्हणते, "काय बघू? माझं तोंड काय नवीन हाय का?" तिथेच संपतो. फोटोची तिला भारी लाज.

मागच्या लग्नसराईत कळवणहून एक दादा आले, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे. नवीन ग्राफिक्स कार्ड बसवून त्याच दिवशी मशीन हवं होतं. मी कार्ड बसवलं, त्याचं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर टाकला, आईचा व्हिडिओ लावला. भाऊ म्हणाला, "इकडं बघ की" — आणि आईची मान वळायला लागली. कान दिसला, कानातलं फूल, गालाची कड... आणि स्क्रीन काळी. मशीन रिस्टार्ट.

भास झाला म्हणून परत लावला. तेच. मोबाईलवर लावून बघितला, तिथे ती वळतच नाही.

मग येत होतं ते सगळं केलं. रॅम काढून पुसून बसवली, ड्रायव्हर जुना टाकला, पॉवर सप्लाय दुसरा लावला. बाकीचे व्हिडिओ दुपारभर चालले. आईचा मात्र तिथे आला की मशीन बंद. खरं सांगते, फॉल्ट सापडूच नये असं वाटत होतं. मशीन नीट झालं की ती वळायची थांबणार... आणि तिकडे दादा खाली टपरीवर चहा पिऊन कंटाळलेले, काका सारखे घड्याळ बघत होते.

शेवटी काका उठले. शेवटचं काय बदललं, विचारलं. कार्ड, म्हटलं. "मग कार्डच काढ ना. त्यात दुपार घालवतात होय? सरक, मी बघतो. तू चहा सांगून ये."

चहा सांगून आले तर मशीन रिस्टार्ट होत होतं आणि काका काळ्या स्क्रीनकडे बघत बसलेले. मग उठून त्यांनी दुकानातलं दुसरं कार्ड बसवलं. व्हिडिओ पूर्ण चालला. आई पाठमोरी, तूर पाखडत, न वळता बोलली आणि संपला. दादा खूश होऊन मशीन घेऊन गेले.

काढलेलं कार्ड खोक्यात भरताना काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "रेखा, आईच्या हनुवटीवर गोंदण होतं का गं?"

होतं. एक हिरवा ठिपका. मी दुकानात कोणालाच कधी सांगितलेलं नव्हतं.

खोक्याला टेप लावत काका म्हणाले, "हसत होती."

कार्ड कंपनीकडे पाठवलं, फॉल्ट नाही म्हणून परत आलं. तेच कार्ड मी दुकानातल्या प्रत्येक मशीनला लावून बघितलं. कुठेच बंद पडत नाही. आई वळतही नाही. काका त्यावर बोलत नाहीत, मीही विचारत नाही. कारण काय ते अजून कळलेलं नाही... मला नाही दिसली, पण कोणाला तरी दिसली, आणि हसत होती, एवढ्यावर भागवते.

अजूनही नवीन पार्ट टाकला की तोच व्हिडिओ लावते. भावाचं "इकडं बघ की" आलं, की हातातलं काम टाकून बघत बसते.