तळ्यातून जाणारी अॅम्ब्युलन्स

मीटिंगला तासभर उरला होता आणि माझ्या स्क्रीनवर अॅम्ब्युलन्स गव्हाच्या शेतातून थेट तळ्यात शिरली होती.

"मिलिंद," मी शेजारच्या क्युबिकलकडे मान वळवून म्हणाले, "तुझी गाडी पोहते का रे?"

"कुठली गाडी?"

"अॅम्ब्युलन्स. आत्ताच पाण्यात गेली. वेग मात्र जराही कमी झाला नाही. कौतुक वाटलं."

मिलिंद पुण्याचा, मी नागपूरची. व्हँकुव्हरच्या त्या ऑफिसात मराठी आम्ही दोघंच. त्यामुळे आमची भांडणं मनसोक्त मराठीत चालत आणि बाकीच्यांना वाटे, रेसिपीची देवाणघेवाण सुरू आहे.

आमचं काम जीआयएसचं. म्हणजे नकाशाच्या पोटात माहिती भरायची आणि मग नकाशालाच प्रश्न विचारायचे. दोन हजार सतराच्या सुमाराला सीमेच्या दक्षिणेकडची एक अमेरिकन काउंटी आमची क्लायंट होती. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी. विस्तार खराच जिल्ह्याएवढा, पण माणसं आपल्याकडच्या एखाद्या हाउसिंग कॉलनीत मावतील इतकीच. त्यांच्याकडे अॅम्ब्युलन्सची दोन गॅरेजं होती. एक पश्चिमेला मुख्य गावात, दुसरं पूर्वेच्या टोकाला एका खेड्यात. पूर्वेचं बंद केलं तर चालेल का, एवढंच आम्हाला विचारलं होतं. आमच्या ड्राफ्ट रिपोर्टने ठणकावून सांगितलं होतं, चालेल. पश्चिमेची गाडी वीस मिनिटांच्या आत कुठेही पोचते. नकाशाभर सुंदर हिरवा रंग. त्या हिरव्या रंगावर आज काउंटीच्या बोर्डात मतदान होणार होतं.

पूर्वेचं गॅरेज लॉरेन नावाची एक रिटायर्ड शिक्षिका चालवायची. आधीच्या कॉलमध्ये ती मला म्हणाली होती, "माझ्या नवऱ्याला दोन अटॅक येऊन गेलेत. तुमचा हिरवा रंग त्याला दाखवला. म्हणाला, तिसरा येईल तेव्हा या बाईंना बोलाव."

तर, मी त्या तळ्यापर्यंत पोचले कशी?

प्रत्येक रिपोर्टच्या सुरुवातीला एक पान असतं. भूगोल, इतिहास, लोकसंख्या. जुन्या रिपोर्टमधलं पान उचलायचं, नावं बदलायची, की झालं. मला मात्र हे पान लिहायला फार आवडतं, म्हणून फायनल रिपोर्टसाठी त्या दिवशी तेच लिहीत होते. या काउंटीत सगळ्यांत आधी आले सर्व्हेअर. त्यांनी साखळ्या टाकून अख्ख्या माळरानावर मैला-मैलाचे चौकोन आखले, जणू कुणी वहीच्या पानावर आखावेत. मग रेल्वे आली. थोड्या थोड्या अंतरावर स्टेशन, स्टेशनला धान्याचं कोठार, कोठाराला एक गाव. पुढे ट्रॅक्टर मोठे झाले, शेतं मोठी झाली, पोरं शहरात गेली. रेल्वेने रूळसुद्धा उपटून नेले. मागे राहिले ते बहुतेक साठीपुढचे.

इथवर लिहिलं आणि थांबले. माणसं गेली, रेल्वे गेली, गावं ओस पडली, आणि आमच्या फाइलमध्ये रस्ते मात्र तुडुंब! भागाकार केला तर माणशी रस्ता इतका निघाला की प्रत्येक म्हातारा स्वतःच्या खासगी हायवेवर राहतो म्हणायचं. मी रस्त्यांच्या रेषांखाली विमानातून काढलेला फोटो सरकवला. रेषांखाली गहू होता. पुढे अजून गहू. मग तळं.

मिलिंद खुर्ची ढकलत आला. "अगं, डेटा स्टेटचा आहे. सरकारी."

"सरकारी आहे म्हणून तर बघितला."

"मग हे रस्ते खोटे?"

"खोटे नाहीत रे, हीच तर गंमत आहे. कॅनडात आले तेव्हा मी आधी सास्काचेवानमध्ये होते. तिकडेही सर्व्हेची पद्धत अशीच. मैलाच्या बहुतेक प्रत्येक रेषेवर रस्त्यासाठी पट्टी सोडलेली असते. पट्टी सगळ्यांची. तिच्यावर रस्ता बांधलाच पाहिजे असं काही नाही. न बांधलेल्या पट्टीत शेतकरी खुशाल पेरतो, कुणी हरकत घेत नाही. या काउंटीच्या राज्याचाही कायदा तसाच आहे, आत्ताच वाचला. म्हणजे कायद्याने रस्ता, प्रत्यक्षात गहू."

मिलिंदने फाइल उघडली. रस्ता डांबरी की खडीचा, हे सांगणारा रकाना या रेषांपुढे रिकामा होता. त्याच्या प्रोग्रामने रिकाम्याचा अर्थ घेतला होता खडी. खडीवरून गाडी सुसाट.

त्याने तो रकाना दोनदा वरखाली सरकवून बघितला. मग म्हणाला, "आमच्या पुण्यात रिकामा रकाना कुणी ठेवतच नाही."

"तुमच्या पुण्यात दुपारी रकानेसुद्धा झोपतात. चल, पुन्हा रन कर."

न बांधलेले रस्ते वगळून रन केलं. पूर्वेचा हिरवा पट्टा लालभडक झाला.

तसाच प्रिंट घेऊन मी बॉसच्या केबिनमध्ये गेले. ग्रॅहम सज्जन इंजिनियर. आवाज कधी चढत नाही, नुसते कान लाल होतात. ते झाले.

"डेलने ड्राफ्ट वाचलाय," तो म्हणाला. डेल म्हणजे त्या बोर्डाचा चेअरमन. गॅरेज बंद करण्याचा ठराव त्याचाच. "आयत्या वेळी त्याला तोंडघशी नको पाडायला. सोमवारी करेक्शन पाठवू."

"मतदान आज आहे, ग्रॅहम. आमच्याकडे याला वरातीमागून घोडं म्हणतात."

"म्हणजे काय?"

"म्हणजे सोमवार."

त्याने प्रिंटकडे बघितलं, मग घड्याळाकडे. "पाच मिनिटं देतो. आणि शुभा, प्लीज, नाटक नको."

"मी? आणि नाटक?" मी छातीवर हात ठेवून विचारलं.

व्हिडिओ सुरू झाला. काउंटीच्या कोर्टहाउसमधला बोर्डाचा हॉल, घडीच्या खुर्च्या, खचाखच गर्दी. मधोमध डेल, बियाणांच्या कंपनीची टोपी घातलेला धिप्पाड शेतकरी. पहिल्या रांगेत हाताची घडी घालून लॉरेन.

"आमच्या ड्राफ्टमध्ये चूक आहे," मी म्हणाले. "चूक आमची, तुमची नाही. सांगत बसत नाही, दाखवते. डेल, पूर्वेकडचं कुठलंही घर निवडा."

डेल हसला. "लॉरेनचंच घ्या. शंका तिलाच आहे."

मी फोटोवर अॅम्ब्युलन्सचं चित्र सोडलं. "मंडळी, आपण मुख्य गावातून निघालो. छान डांबरी रस्ता. आता आमचं सॉफ्टवेअर म्हणतं, डावीकडे वळा. वळलो. मऊ वाटतंय ना? सोनेरीही आहे."

"एक मिनिट," डेल पुढे वाकला. "ते माझं शेत आहे!"

हॉलमध्ये मागून कुणीतरी ओरडलं, "हॉर्न वाजवा, डेल बाजूला होईल!"

"ती सेक्शन लाइन आहे, मैलाची रेषा, मला माहीत आहे," डेल म्हणाला. "पण तिच्यावर माझा गहू उभा आहे!"

"अगदी बरोबर. आमच्या सॉफ्टवेअरने एवढं एकच विचारलं नाही. असो, पुढे जाऊ. आता आपण तळ्यात आहोत. सीटबेल्ट लावलेलाच राहू द्या, वर लाइफ जॅकेटही घाला."

हॉल हसून कोसळला. मिलिंद टेबलाखाली तोंड लपवून हसत होता. ग्रॅहमचे कान पेटले होते.

लॉरेन हसली नाही. तिने हात वर केला. "मग खरी वेळ किती?"

मी दुसरा मार्ग सोडला, खराखुरा, हायवेने तळ्याला लांबलचक वळसा घालून जाणारा. या वेळी कॉमेंट्री केली नाही. ते चित्र सरकत राहिलं, सरकत राहिलं. सगळा हॉल त्याच्याकडे बघत होता. लॉरेनच्या दारापर्यंत पोचायला ड्राफ्टमधल्या वेळेच्या दुपटीहून जास्त वेळ लागला.

"आणि माझ्या गॅरेजमधून?"

"कपातली कॉफी निवायच्या आत."

डेलने टोपी काढून टेबलावर ठेवली. "ठराव माझा होता," तो म्हणाला. "मीच मागे घेतो. कुणाची हरकत?"

कुणाचीच नव्हती. लॉरेनने हाताची घडी सोडली आणि शेजारच्या सडपातळ म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर थोपटलं. तो कॅमेऱ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "थँक यू, मॅम. नाटक चांगलं होतं." ग्रॅहमने कपाळावर हात मारला, पण मला दिसेल असं हसलाही.

पूर्वेचं गॅरेज राहिलं. पुढच्या वर्षी त्याच काउंटीने आम्हाला पुन्हा काम दिलं, पुलांचं, आणि डेलने फोनवर पहिली अट घातली की त्याच बाई हव्यात. मिलिंदचा प्रोग्राम आता रिकामा रकाना दिसला की थांबतो आणि विचारतो.

मी या धंद्यात एकच गोष्ट शिकले. हिरवा रंग दिसला की माणूस निवांत होतो आणि त्याखालचा रस्ता बघायचं सोडून देतो. म्हणून क्लायंटला मी रंगीत नकाशा सगळ्यांत शेवटी दाखवते. आधी फोटो. फोटोत गहू दिसला, तर वेग शून्य धरायचा.