गूळ खा, छाती साफ व्हती

शेटनं गुळाचा खडा माझ्या अंगावर फेकला. बाकीच्या बायांना हातात दिला. मला लांबनं, कुत्र्याला तुकडा टाकावा तसा. वर सगळ्यांदेखत म्हनला, "हिला टीबी हाय. हिच्याजवळ बसू नका गं."

खडा दगड फोडायच्या क्रशरच्या भुकटीत पडला. मी उचलला, फुंकला आन् खाल्ला. शेजारी बसलेली माझी जाऊ उठून पलीकडं सरकली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रोज सुटी झाली की गूळ. "गूळ खा, छाती साफ व्हती," शेट सांगायचा. आमी खरं मानलं. दिवसभर दगड फुटायचा, पांढरा धुरळा उठायचा, समोरची बाई दिसायची न्हाई. तोंडाला नुसता पदर. एवढं गिळलेलं गुळानं निघतंय व्हय?

टीबी ठरवला शेटच्याच ओळखीच्या डॉक्टरानं. छातीचा फोटो काढला, गोळ्या दिल्या. काम काय करते, एका शब्दानं इचारलं न्हाई. आमी मेंढरामागची माणसं. मेंढरू ढासलं तरी माझा बाप त्याच्या बरगडीला कान लावायचा. माझ्या बरगडीला ह्यानं नळीबी लावली न्हाई. गोळ्या संपल्या, खोकला आन् दम वाढला. घरात ताट-तांब्या वेगळा झाला. पोटची पोर जवळ येऊ देईनात.

शेवटी घोडेगावात यष्टी धरली आन् पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईनं पयलंच इचारलं, "काम काय करता, मावशी?"

सांगितलं. तिनं थुंकी तपासली, पुन्हा फोटो काढले. म्हनली, "हा टीबी नाही. दगडाची धूळ फुप्फुसात बसलीय. सिलिकोसिस म्हणतात. ती आता निघत नाही. त्या कामावर परत जाऊ नका."

मी गेले. पण कामाला न्हाई.

जाऊ पाटीत खडी भरत व्हती. ढासत व्हती. माझ्यासारखंच, कोरडं. माझं टकुरंच फिरलं. शेट खुर्चीत बसला व्हता. म्हनले, "मला टीबी न्हाई. तुमची धूळ हाय छातीत."

त्यो हसला. "धुळीनं कोण मरतं गं? गूळ देत नव्हतो का? जा, घरी जाऊन मर."

मुडदा बशिवला त्याचा! एका हातानं कॉलर धरली, दुसऱ्या हातानं खालची मूठभर भुकटी उचलून त्याच्या तोंडात कोंबली. दातावर करकर वाजली. त्यो वकला, थुकला, डोळ्यांतनं पाणी काढलं. एवढ्याशानं! त्याच्या दोन माणसांनी मला केसाला धरून ओढलं. पाठीत लाथ बसली. दम पुरत नव्हता, तरी वरडले, "बायांनो, टीबी न्हाई गं ह्यो! धूळ हाय! तुमच्याबी छातीत हाय!"

जावंनं पाटी खाली टाकली. मशीन मात्र कुणी बंद केलं न्हाई.

शेटनं पोलिसात तक्रार दिलीया म्हणं. देऊ दे. तिथंबी ह्येच सांगणार. एकेका बाईला पुण्याला नेऊन छाती तपासून आणणार. आन् त्याच्या आधी मेले, तर माझं मढं क्रशरच्या दारात ठेवायचं. मशीन बंद पडल्याबिगर उचलायचं न्हाई. जावंला बजावून ठेवलंय.