भावोजींची मोजमापं

शास्त्राचं नुकसान अडाणी माणसं करतात, अशी एक समजूत आहे. ती ज्यांनी पसरवली त्यांना आमचे भावोजी कधी भेटले नसावेत. भावोजी म्हणजे माझ्या आतेबहिणीचे, अक्काचे यजमान. म्हैसूरच्या एका संशोधन संस्थेत ते जीवरसायनशास्त्राचे तज्ज्ञ म्हणून नोकरीला होते. तिथे त्यांनी शास्त्राचं जे काही केलं असेल ते सरकारी भिंतींच्या आत राहिलं, हे देशाचं भाग्य. आमचं दुर्भाग्य एवढंच की ती संस्था संध्याकाळी सुटायची आणि भावोजी चामराजपुरमला घरी यायचे. घरी त्यांना एक शास्त्र पुरत नसे. चहाबरोबर ते हवेच्या प्रदूषणावर बोलत, जेवताना समोरच्याच्या जिभेचा रंग पाहून त्याच्या यकृताची कीव करत, आणि हात धुताना नळाच्या धारेकडे बघून पदार्थविज्ञानात शिरत. मी शाळेत इतिहास शिकवतो, म्हणून माझ्याविषयी त्यांना विशेष करुणा होती. "तुझ्या विषयात प्रयोग करता येत नाही रे," ते म्हणत, "म्हणजे तो विषयच नव्हे. जे मोजलं नाही, ते नाहीच!"

आणि मोजायचे तरी कसे? एकदा मी तापाने फणफणलेला त्यांच्या घरी गेलो. अक्काने थर्मामीटर काढला. भावोजींनी तो तिच्या हातातून घेतला आणि म्हणाले, आधी हा तरी बरोबर आहे का ते पाहू. उकळत्या पाण्याचं तापमान सर्वांना ठाऊक असतं, या भक्कम पायावर त्यांनी तो चहाच्या आधणात बुडवला. टच्च असा आवाज झाला आणि पारा पातेल्याच्या तळाशी जाऊन बसला. "पाहिलंस?" ते विजयाने म्हणाले, "सदोषच होता." माझा ताप शेवटपर्यंत कुणी मोजला नाही. त्या दिवशीचा चहा मात्र वाचला म्हणायचं, कारण पत्ती अजून पडायची होती.

हवेतली धूळ पकडण्यासाठी ते काचेच्या पट्ट्यांना व्हॅसलिन फासून नातेवाइकांच्या घरोघर ठेवून येत. लष्कर मोहल्ल्यात आमच्या मामांचं कापडाचं दुकान आहे. त्यांचे वाडवडील रंगारी, आता रंगकाम गेलं आणि नुसती विक्री उरली. तिथल्या बाकावर भावोजींनी एक पट्टी ठेवली आणि मामा पांढऱ्या धोतरानिशी तिच्यावर बसले. दुपारपर्यंत उठले नाहीत. पट्टी तपासून भावोजींनी जाहीर केलं की लष्कर मोहल्ल्याच्या हवेत कापसाचे तंतू चिंताजनक प्रमाणात आहेत. मामा धोतराचा तेलकट सोगा दाखवत म्हणाले, "अय्यो, हे तंतू माझे आहेत हो! सुम्ने, उगाच कशाला हवेला नावं ठेवता?" भावोजींनी ते मनावर घेतलं नाही. ज्याच्याकडे भिंग नाही त्याचं मत ते धरत नसत.

बन्नूरचा प्रसंग तर अख्ख्या बसने पाहिला. उसाचा रस आंबताना त्यात काय घडतं हे पाहायला ते तिकडच्या एका गुऱ्हाळातून बाटलीभर रस घेऊन निघाले. बूच घट्ट बसवलेलं, वर सुतळी, दुपारचं ऊन आणि तो रस्ता. अर्ध्या वाटेत बाटली फुटली. बायका किंचाळल्या, एका आजोबांनी पिशवीसकट खिडकीतून उडी मारायची तयारी केली आणि ड्रायव्हरने बस कडेला घेतली. भावोजी रसाने निथळत उभे राहिले आणि प्रवाशांना वायूचा दाब समजावू लागले. "म्हणजे माझं अनुमान बरोबर निघालं!" कंडक्टर मोठा सभ्य माणूस. त्याने दार उघडून धरलं आणि कन्नडमध्ये म्हणाला, "सार, अनुमानाला घेऊन खाली उतरा."

अक्का हे सारं हसून साजरं करायची. तिचं हसणं मोठं, घोगरं नव्हे, खणखणीत. ते कमी होत गेलं तेव्हा आम्हांला वाटलं, बिचारी थकली असेल या माणसाला. मग तिला भर उन्हाळ्यात थंडी वाजू लागली. ती शाल घेऊन बसायची. चेहरा सुजल्यासारखा दिसायचा, केस गळत होते, आवाज जड झाला होता आणि एका वाक्यातून दुसऱ्या वाक्यात जायला तिला वेळ लागायचा. "स्वल्प सुस्ती आहे रे, आणखी काही नाही," ती मला म्हणायची. भावोजींना तर संशोधनाला नवा विषय मिळाला. त्यांनी स्वयंपाकघरातली आर्द्रता मोजली. ॲल्युमिनियमची भांडी हद्दपार केली. पृथ्वीच्या चुंबकत्वाशी जुळवून घ्यायला तिचा पलंग दक्षिणोत्तर फिरवला. तो खोलीत असा अडकला की अक्काला उशाकडून चढून झोपावं लागे. मी म्हटलं, "भावोजी, एकदा डॉक्टरला दाखवा ना." ते म्हणाले, "डॉक्टर काय करणार? गोळी देणार. मला कारण हवंय."

एका सकाळी अक्का चुलीपुढे बसली ती उठेना. हाक मारली तर डोळे उघडायची आणि पुन्हा मिटायची. हात बर्फासारखे. मी आणि भावोजींनी तिला रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी अक्काला नाव विचारलं, उत्तर येईपर्यंत शांतपणे थांबल्या, गळा चाचपला, गुडघ्यावर छोटी हातोडी मारली आणि पाय किती सावकाश हलतो ते पाहिलं.

"गळ्यातली थायरॉइड ग्रंथी काम करत नाहीये," त्या म्हणाल्या. "रक्त बंगळूरला तपासायला पाठवते, पण औषध आत्ताच सुरू करायचं. फार उशीर केलात तुम्ही."

"कशावरून म्हणता?" भावोजींनी विचारलं. सवयीने.

"आवाजावरून. चेहऱ्यावरून. तुम्ही काय करता?"

"जीवरसायन."

"मग तुम्हांला मी काय सांगायचं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

बाहेरच्या बाकावर आम्ही दोघेच बसलो. इतकी वर्षं साठवलेलं एक झणझणीत वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. तेवढ्यात भावोजी जमिनीकडे बघत बोलू लागले. "माझा प्रबंध याच ग्रंथीवर होता. उंदरांवर. ती काढली की उंदीर गार पडतो. केस झडतात. कोपऱ्यात बसून राहतो, हाक मारली तरी वळत नाही. मी लांबून बघून सांगायचो, कुठल्या उंदराची ग्रंथी काढलीय ते. सगळे म्हणायचे, काय नजर आहे." त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "घरात रोज समोर बसायची रे ती."

माझं वाक्य मी गिळलं. ते आजवर कुणाला ऐकवलेलं नाही.

अक्का बरी झाली. सावकाश झाली, पण झाली; शाल ट्रंकेत गेली, आवाज उघडला. दरम्यान भावोजींनी कुणाला न सांगता पलंग सरळ केला. काचेच्या पट्ट्या, आर्द्रतेचं यंत्र, नळकांडी सगळं एका गोणत्यात भरून भंगारवाल्याला दिलं. घरात शांतता आली. नातेवाईक जिभा न लपवता जेवू लागले. मामा म्हणाले, "आयतु, झालं, सुटलो एकदाचे."

परवा मी गेलो तेव्हा दोघं ओसरीवर बसली होती. अक्का मोगऱ्याचा गजरा करत होती. तिने एक कळी नाकाशी धरली आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "अहो, यंदा मल्लिगेला वासच नाही. पावसामुळे असेल का मातीमुळे?"

एके काळी एवढ्या प्रश्नावर संध्याकाळ गेली असती. भावोजींनी तिच्या हातातली कळी घेतली, उलटसुलट पाहिली, हुंगली आणि परत दिली.

"गोत्तिल्ल," ते म्हणाले. "मला ठाऊक नाही."

माझ्या माहितीत त्यांनी केलेलं हे पहिलं निर्दोष शास्त्रीय विधान. अक्काचा चेहरा उतरला. तिने दोरा दातांनी तोडला आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "तू विचारून बघ ना एकदा. तुला सांगतील."